फॅट बाईक घेतली खरी, आता सोलापुरात फिरवू कुठं?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या बोनसची वाट लावून शेवटी फॅट बाईक घेतली. २६ इंची चाकं, चार इंच रुंद टायर, लोखंडी फ्रेम, मागं-पुढं डिस्क ब्रेक, २१ गिअर. वजन दुकानदारानं "सोळा किलो फक्त" सांगितलं होतं. घरी आल्यावर आधी मी एकटा काट्यावर उभारलो, मग सायकल खांद्यावर घेऊन उभारलो. फरक निघाला १९ किलो ४००.

आईचा पहिला प्रश्न, "हिची मोटर कुठं हाय?" बायको काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट. शेजारचे अण्णा रोज सकाळी येऊन टायर दाबून बघतात, आंबा पिकलाय का बघावं तसं.

घेण्याचं कारण सांगतो. मी जुळे सोलापुरात राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. चार वर्षं साधी गिअरची सायकल चालवली. विजापूर रोड घ्या, होटगी रोड घ्या, तुळजापूर रोड घ्या, सगळीकडं तेच. पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं कंटेनर, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर आपण जीव मुठीत धरून. डांबरावरनं मान वळवली की दोन्हीकडं माळ दिसतोय, गाडीवाटा दिसतायत, कॅनॉलची पट्टी लांबवर गेलेली दिसतेय. तिथं जुनी सायकल उतरवली तर मुरमात चाक सटकायचं. म्हणून ही.

पहिल्याच आठवड्यात एक शहाणपणा करून झालाय. हवा कमी वाटली म्हणून पेट्रोल पंपावर गेलो. पोरगं म्हणालं किती भरू, मी म्हणालो मोटरसायकलएवढी भर. त्यानं ३५ मारली. पार्क चौक ते सात रस्ता मी सायकलवर नव्हतोच, चेंडूवर होतो. घरी येऊन टायरच्या कडेला बारीक अक्षरात वाचलं, जास्तीत जास्त ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप).

तर जाणकारांनो, हवा किती ठेवायची? सराट्याच्या काट्यांचं काय करायचं? आणि शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत कुठकुठं फिरता येईल?

एमएच_तेरा

अभिनंदन मालक. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत एक मंडप टाका, वीस रुपयाला एक चक्कर. दोन दिवसांत पैसे वसूल.

तात्पुरता_पुणेकर

राग मानू नका, पण सोलापुरात फॅट बाईक कशासाठी? ना बर्फ, ना समुद्र. आपला मुरमाड माळ आणि खडीचे रस्ते यांच्यावर २९ इंची चाकाची साधी एमटीबी म्हणजे माउंटन बाईक, सव्वादोन इंची टायर, २५ पीएसआय हवा, एवढं पुष्कळ झालं. चार-पाच किलो वजन कमी, सुटे भाग कुठंही मिळतात. मी दोन्ही चालवल्या आहेत. फॅट बाईक दिसायला भारी, पण तुळजापूर रोडला समोरून वारा सुटला की रडवते.

चाकोरीबाहेर

@तात्पुरता_पुणेकर, पटतंय. पण बोनस गेला आता. बाळंतपण झाल्यावर लग्न करू नको म्हणून सांगायलास तू.

स्पोकवाला

पुणेकरांचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हवेत आहे, म्हणजे टायरमधल्या हवेत.

फॅट बाईकला सस्पेन्शन, पकड आणि आराम, तिन्ही गोष्टी टायरच देतो. ३० पीएसआय भरून चालवायची असेल तर विकून टाका. माझं वजन ७२ किलो. डांबरावर मी १५ ते १८ ठेवतो, मुरूम-खडीच्या गाडीवाटेवर १० ते १२, कोरड्या वाळूत ६ च्या आसपास. अंगानं जड असाल तर यात दोन-तीन वाढवा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा एक पीएसआय कमी, कारण अंगाचा भार मागं जास्त असतो.

एक पीएसआय म्हणजे कितीसा, असं वाटेल. रोडबाईकच्या ९० मध्ये एकानं काही बिघडत नाही. इथं १० मधला एक म्हणजे दहावा हिस्सा, सायकलची चाल बदलते. म्हणून साध्या पंपाचा काटा चालत नाही, तो ० ते १६० चा असतो आणि १० च्या खाली नुसता थरथरत बसतो. ० ते ३० चा वेगळा गेज घ्या.

गेज नसेल तोवर ही युक्ती. सायकल मुरमाड जागेवर न्या, हवा थोडी थोडी सोडत त्याच तुकड्यावरनं परत परत जा. आधी हँडल हाताला चावतं. मग एका टप्प्याला खडे गिळल्यासारखे आत जातात आणि हात शांत होतात. तिथं थांबा. अजून सोडलीत तर दगडावर रिम "टण्" करून वाजेल, म्हणजे फार झालं. डांबरावर पुढचं चाक आपोआप एका बाजूला ओढायला लागलं, तरी हवा कमी आहे असं समजा.

आणि पेट्रोल पंपाची हवा विसरा. चार इंची टायरला जोराची हवा एका झटक्यात मारली की कड रिमवरनं उडते. एकदा एकाचा टायर माझ्या डोळ्यांदेखत फुटला, अर्धा चौक गोळा झाला होता.

गुडघेमास्तर

आणखी एक. या सायकलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन पॅडलांमधला आसाचा भाग, रुंद असतो, बहुतेक १०० मिमी, साध्या एमटीबीचा ६८ किंवा ७३. त्यामुळं दोन पायांतलं अंतर वाढतं. पहिले पंधरा दिवस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखेल. सीटची उंची नीट लावा, जड गिअर रेटू नका, पाय भराभर फिरवा. पहिल्याच दिवशी कुणी अक्कलकोटला दर्शनाला जाऊ नये. मी गेलो होतो. येताना एसटीनं आलो, सायकल टपावर.

मिनेसोटा_व्हाया_बाळे

सोलापूरजवळच्या बाळ्याचा पोरगा आहे हो मी, नोकरीमुळं इकडं मिनियापोलिसला. धागा बघून राहवेना. इथं आता बाहेर उणे बारा आहे आणि मी रोज ऑफिसला फॅट बाईकनं जातो.

तुमच्या सायकलचं कूळ सांगतो. एक मूळ अलास्कात आहे. १९८७ च्या सुमारास तिथं बर्फावरून सायकलच्या लांब शर्यती सुरू झाल्या. साध्या चाकानं निभेना म्हणून लोकांनी दोन रिम शेजारी शेजारी जोडून बघितल्या, पुढं सायमन रॅकोवर यांनी ४४ मिमी रुंदीची रिम काढली. दुसरं मूळ मात्र बर्फातलं नाहीच, वाळूतलं आहे. न्यू मेक्सिकोच्या रे मोलिना यांनी वाळवंटात फिरायला ८२ मिमीची रिम आणि साडेतीन इंची टायर बनवले होते. २००५ मध्ये इथल्याच सर्ली कंपनीनं पग्स्ली बाजारात आणली, ६५ मिमी रिम आणि ३.७ इंची टायर, तेव्हा कुठं ही सायकल दुकानात जाऊन घेण्याजोगी झाली.

तेव्हा "सोलापुरात बर्फ कुठाय" हा प्रश्न बाद. कोरड्या मुलखाशी हिचं जुनं नातं आहे. बाकी, शेंगाची चटणी संपलीय. कोणी येणार असेल तर कळवा.

पक्षीवेडी

फिरायच्या जागांबद्दल लिहिणारे लिहितीलच, त्याआधी एक कळकळीचं.

नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रोडला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. नकाशावर मोकळा माळ आणि त्यातनं गेलेल्या पायवाटा बघून तुमच्यातल्या कुणाला तरी मोह होणार. कृपा करून जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण आहेच. माळावरचे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. टिटवी, चंडोल, पखुर्डी, सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची. वरनं चार इंची टायर गेला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. माळढोक तर एका वेळी बहुतेक एकच अंडं घालतो.

अभयारण्याबाहेरच्या माळावरसुद्धा मळलेली वाट सोडू नका. काळवीट दिसली तर थांबा, पाठलाग करून रील काढू नका. ती पळतात तेव्हा आपल्याला गंमत वाटते. त्यांचा जीव जात असतो.

एमएच_तेरा

ताई, या धाग्याचा मालकच "चाकोरीबाहेर" आहे, त्याला वाट सोडू नको म्हणायलाय तुम्ही.

चाकोरीबाहेर

@पक्षीवेडी, शब्द देतो. नान्नज दुर्बीण घेऊन, रीतसर परवानगी काढून, पायी. नाव बदलता येत नाही, चाकोरी धरून चालतो.

@स्पोकवाला, बूड शेकलं तरी चालेल पण हात वाचले. आसरा चौकाच्या पुढं एका मोकळ्या प्लॉटवर अर्धा तास हवा सोडत बसलो. १२ वर आल्यावर खरंच खडे गिळल्यागत झालं. पोरांनी विचारलं, "काका, पंक्चर हाय का?" म्हणालो, "न्हाई रे, मुद्दाम करायलोय." त्यांनी एकमेकांकडं बघितलं.

रविवारी हिप्परग्याला जातोय. येऊन लिहितो.

चाकोरीबाहेर

हिप्परगा वृत्तांत. आधीच सांगतो, यात नायक मी नाही.

सव्वापाचला घरून निघालो. तुळजापूर रोडनं हिप्परगा, म्हणजेच एकरुख तलाव. इंग्रजांच्या काळातला मातीचा बांध, अडिला नदीवर. शहराला पाणी पुरवणाऱ्या जागांपैकी ही एक. डांबरावर टायर "घूंऽऽ" करत वाजतात, कुत्री लांबूनच ओळखतात. उजाडायला पोचलो. पाण्यावर धूर, लांब बदकांचे ठिपके, काठाला दोन कोळी जाळं ओढायलेत. झकास.

आता काठाकाठानं जावं म्हटलं. पाणी मागं हटलेलं, उघड्या पडलेल्या गाळाला हातभर लांबीच्या भेगा, वर पापडासारखी वाळलेली पपडी. हवा १० वर आणली आणि घातली सायकल. काय सांगू मंडळी, पहिले शंभर मीटर स्वर्ग. चाकाखाली पपडी कुडुम कुडुम मोडतेय, सायकल तरंगतेय. मला वाटलं, हेच ते, ह्याच्यासाठीच पैसे घातले.

मग पपडी संपली नाही, पण खालची माती बदलली. पुढचं चाक आरामात, कसलीही घाई न करता खाली गेलं. मी हँडलवरनं पुढं. लागलं काही नाही, मऊ होतं. उठून सायकल ओढली तर येईना. ओढून काढली, ढकलायला लागलो तर चाक फिरेना. काळी माती टायरला अशी बसली की चाराचा टायर सहाचा झाला, आणि फोर्कच्या दोन पायांमध्ये जाऊन गच्च. मागं तर चेन, गिअर बदलणारा डिरेलर, ब्रेक, सगळ्याचा मिळून एकच गोळा. बाभळीची काडी घेऊन खरवडायला बसलो. खरवडलं, दहा पावलं ढकललं, परत गच्च. माझ्या बुटांचं तेच, एकेक पाय पाच किलोचा. शेवटी १९ किलोची सायकल, आता तीसेक तरी झाली असेल, उचलूनच चाललो.

वर बांधावर एक म्हातारे मालक म्हशी घेऊन उभारलेले. सगळा खेळ त्यांनी पहिल्यापासून बघितलेला. मी वर आल्यावर शांतपणे खुरपं पुढं केलं आणि म्हणाले, "पाव्हणं, गाळ वाळला का ते वरनं बघायचं नसतं. म्हस कुठवर गेलीय ते बघायचं."

खुरप्यानं पाऊण तास साफ केली. घरी आल्यावर बायको पहिल्यांदा सायकलबद्दल बोलली. सगळं इथं लिहिता येणार नाही.

एमएच_तेरा

"म्हस कुठवर गेलीय ते बघायचं." हे ऑफिसात भिंतीवर लावतो.

रानातला

मी शेतकरी, मोहोळ तालुका. सायकल नाही माझ्याकडं, पण धागा वाचतोय आणि हसतोय.

मालक, आपली काळी माती पाणी पिली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून भेगा पडतात. त्या भेगांत खालपर्यंत ओल टिकते, म्हणून तर आपला जोंधळा नुसत्या ओलीवर येतो. तीच ओल तुम्हाला गिळते. पाऊस झाल्यावर आम्ही बैलसुद्धा काळ्या रानात घालत नाही. चार दिवस ऊन पडू द्या, मग या. आपल्याकडं सप्टेंबरात जास्त पाऊस, त्यामुळं दसऱ्यापर्यंत काळ्या रानाचं नाव काढू नका. मुरमाड माळ मात्र पाऊस थांबल्यावर दोन तासांत चालण्याजोगा होतो. वरनं लालसर-करडं दिसतंय, गवत बुटकं, तरवड उगवलीय, ते मुरमाचं. काळंभोर दिसलं की लांब राहा.

दुसरं, पाणंद रस्ता आणि शिवरस्ता वापरा, ते सगळ्यांचे असतात. बांधावरनं जाऊ नका. बांध हा गावातल्या निम्म्या भांडणांचा मूळपुरुष आहे, त्यात सायकल नको. जोंधळा पोटऱ्यात आला की रानातनं वाट काढू नका. आणि कुणी दिसलं की "राम राम" घाला, न विचारता हुरडा मिळतो. डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा आणि गप्प जाणारा माणूस दिसला की आम्हाला आधी वाटतं, हा जमीन बघायला आलाय.

सायकलकाकू

रानातले दादा, अगदी! मी केगावला विद्यापीठाच्या बाजूला राहते, वय ५४. आमच्या मागच्या माळावर पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजींनी विचारलं, "ह्या वयात मोटरसायकल परवडंना व्हय गं?" आता ओळख झालीय. जाताना हाक मारते, येताना शेपू-मेथी घेऊन येते.

बाया फिरत असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. एकटी जाताना घरी वाट सांगून जा, नुसतं "माळावर" नको, कुठल्या गावाच्या कुठल्या बाजूला ते सांगा. कुत्र्यांना घाबरून जोरात पळवू नका, ती जास्त मागं लागतात. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, हळू चाला. मेंढ्यांबरोबरची धनगरी कुत्री मात्र वेगळी. तिथं लांबूनच थांबायचं आणि मालकाला हाक मारायची. मार्चनंतर साडेआठला घरात पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ सहज जातं, माळावर सावली म्हणजे आपलीच.

तात्पुरता_पुणेकर

सगळं छान आहे, पण अजून मूळ मुद्द्यावर कोणी बोललं नाही. काटे. सोलापूरच्या माळावरचा खरा शत्रू वाळू नाही, चिखलही नाही. वेडी बाभूळ आणि सराटे. चार इंची टायर म्हणजे सराट्याला चार इंचाचं मैदान.

चाकोरीबाहेर

नजर लावलीस बे. परवा होटगी रोडच्या मागच्या बाजूला एका गाडीवाटेवर गेलो. नऊ किलोमीटरमध्ये पुढच्या टायरमधनं अकरा सराटे आणि एक बोटभर बाभळीचा काटा. दोन्ही चाकं बसली. पाच किलोमीटर ढकलत आणली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारे चाचा आहेत, चाळीस वर्षांचा हात. ट्यूब बाहेर काढली आणि बराच वेळ हातात धरून राहिले. म्हणाले, "ये क्या, ट्रॅक्टर का बच्चा?" घमेल्यात ट्यूब मावेना. अर्धी घमेल्यात, अर्धी माझ्या खांद्यावर, असं करत सात पंक्चरं काढली. शेवटचं मोजून म्हणाले, "आता ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त झाली." पैसे पाचांचेच घेतले.

स्पोकवाला

आता ऐका. ट्यूबमध्ये सीलंट घाला. तुमचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर आतली पिन निघते. पिन काढण्याची टोपी कुठल्याही टायरवाल्याकडं मिळते. पिन काढा, बाटलीनं सीलंट आत सोडा, पिन लावा, हवा भरा, चाक फिरवत राहा. फॅट ट्यूबला साध्यापेक्षा बरंच जास्त लागतं, मी चाकाला १५० मिली घालतो. सराटा घुसला की द्रव भोकाशी येऊन घट्ट होतो. उन्हाळ्यात ते आत सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं. बाभळीच्या मोठ्या काट्याला मात्र इलाज नाही, जादा ट्यूब जवळ पाहिजेच. ही ट्यूब सोलापुरात ऐनवेळी मिळेलच असं नाही, दोन मागवून ठेवा.

आणि नवा पॅच मारून टायर चढवायच्या आधी टायरच्या आतून हात फिरवा. फडकं घेऊन फिरवा, नुसतं बोट नको. ज्या काट्यानं पंक्चर केलं तो तिथंच बसलेला असतो, दुसऱ्या ट्यूबची वाट बघत.

चेनला इंजिन ऑइल घालू नका, आपली धूळ बसून त्याची काळी खीर होते. धुळीसाठी कोरडं ल्यूब मिळतं ते थेंब थेंब टाका, पुसून घ्या. डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका. ब्रेक वाजतो म्हणून एकानं डिस्कमध्ये खोबरेल सोडलं होतं. ब्रेक वाजायचा थांबला. लागायचाही थांबला.

नवखा_३१

सर मी पण घेतोय. ई-फॅट बाईक घेऊ का? लायसन लागतं का?

स्पोकवाला

मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ पर्यंतच असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण वजन आधी विचारा. माळावर बॅटरी संपली तर ते सगळं तुम्हालाच ढकलायचं आहे, आणि ते कसं असतं ते वर वाचलंच असेल.

चाकोरीबाहेर

सीलंट घातल्यापासून सहा फेऱ्या झाल्या, पंक्चर शून्य. सराटे आत तसेच आहेत, डोकी दिसतात. काढायचा धीर होत नाही.

काल मात्र जे करायचं होतं ते केलं. सायकलकाकू, मी आणि त्यांचा भाचा, तिघं हत्तरसंग कुडलला. भीमा-सीनेचा संगम, विजापूर रोडच्या बाजूनं चाळीसेक किलोमीटर. एवढं डांबर या सायकलवर नको म्हणून भाच्याच्या छोट्या हत्तीत सायकली घातल्या, मंद्रूपला उतरलो, तिथून पुढं गावरस्त्यानं.

आधी देवळात गेलो. हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे, मोजायचा प्रयत्न सोडून द्या. संगमेश्वराच्या तुळईवरचा शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या शिलालेखांत ह्याची गणना होते. "वाछि तो विजेया होइवा", जो वाचील तो विजयी होईल. काकूंनी बोट न लावता एकेक अक्षर वाचलं. मी हेल्मेट काखेत धरून उभारलो होतो, सीलंटचा डाग लागलेल्या टी-शर्टवर. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी टाकी घेऊन इथं बसलं होतं आणि त्याला वाटलं होतं की पुढं लोक वाचतील.

मग नदी. पाणी कमी होतं, एका कडेला वाळूचा पट्टा मोकळा. इथं पुन्हा हिप्परगा नको म्हणून आधी चालत गेलो, काठीनं टोचत. एका गुराख्यानं सांगितलं, वाळू उपसल्याचे खड्डे आहेत, पाण्याखाली दिसत नाहीत, पाण्यापासून लांब राहा. तेवढा पट्टा सोडला. हवा ६ वर आणली. टायर इतका बसका दिसतो की चालवायला मन होत नाही.

हलक्या गिअरात, बूड सीटवर ठेवून, हँडल सैल धरून निघालो. आवाजच नाही. डांबरावरची घूंघूं नाही, मुरमाची करकर नाही, नुसतं कुणीतरी हळू श्वास सोडतंय असं. दोनेकशे मीटर गेलो असेन. मागं वळून बघितलं तर वाळूत एक रुंद पट्टा, लाटण्यानं लाटल्यासारखा, आणि त्याच्या बाजूला टिटवीच्या पायांची नक्षी. भाचा त्याच्या साध्या सायकलवरनं आला आणि वीस पावलांवर मधोमध रुतून उभा.

रानातला

चांगलं केलंत. पण उजनीतनं पाणी सोडल्याची बातमी असली की नदीच्या पात्रात उतरू नका. सोलापूरसाठी औजच्या बंधाऱ्यात जे पाणी नेतात ते ह्याच भीमेतनं जातं. वर ऊन असतं, पाऊस नसतो, आणि पात्र भरत येतं. माणसाला वाटतं पाणी येतंय तर आवाज येईल. येत नाही.

पक्षीवेडी

टिटवीची नक्षी दिसली हे छान. उन्हाळ्यात त्याच वाळूवर अंडी असतात. मार्चपासून तो पट्टा सोडा, एवढं ऐका.

चाकोरीबाहेर

दोन्ही ऐकलं. मार्चपासून फक्त मुरूम.

@तात्पुरता_पुणेकर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. वर्षाला असे वाळूचे दिवस आठ-दहा मिळतील. बाकी दिवस तुझी २९ ची सायकल माझ्या पुढंच असेल, मान्य. मला ताशी दहानं जायचं असतं हे मलाच आधी माहीत नव्हतं. कुणी आज विचारलं घेऊ का, तर आधी विचारीन की तुझ्याजवळ ० ते ३० चा गेज घ्यायला आणि पाऊस झाल्यावर चार दिवस गप बसायला धीर हाय का. असेल तर घे.

तात्पुरता_पुणेकर

पुढच्या शनिवारी येतोय सोलापूरला. एक फेरी द्याल का? फक्त बघायला.

एमएच_तेरा

वीस रुपये.

चाकोरीबाहेर

रविवारी पहाटे पावणेसहा, आसरा चौक. सायकलकाकू, भाचा, पुणेकर, मी. पाकणीच्या बाजूचा मुरमाड माळ, साडेआठपर्यंत परत, मग शेंगाची चटणी आणि कडक भाकरी माझ्याकडं. बायको हो म्हणालीय. पंप कोण आणतंय?

नवखा_३१

सर चौकातच पेट्रोल पंप असेल ना?

स्पोकवाला

मी आणतो पंप. नवख्याला कुणीतरी धरून ठेवा.